डावखुरीचा ग्लव्ह

सॉफ्टबॉलच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये, फुटबॉलच्या एका सामन्याचा निकाल ऐकण्यासाठी जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा आवळून बांधला आणि त्याचाच चेंडू करून काठीने टोलवला. म्हणजे या खेळात हातमोजा प्रथम आला तो चेंडू होऊन! शिकागोत १६ इंच परिघाच्या चेंडूने उघड्या हातांनी खेळणारे आजही आहेत. आपल्याकडे रूढ असलेला चेंडू १२ इंची. वजन २०० ग्रॅमच्या आतबाहेर. नावातला मऊपणा तळहाताला काही जाणवत नाही. ग्लव्ह हवाच.

शिक्षणासाठी दिल्लीत आमच्या घरी राहणाऱ्या माझ्या पुतणीला असा एक ग्लव्ह हवा होता. रविवारी संध्याकाळी विद्यापीठाच्या मैदानावर काही मुली हौसेने जमतात, एवढेच निमित्त. हौसेला शोभेल इतकीच किंमत द्यायची, हे आमचे ठरलेले. अडचण निराळीच होती. मुलगी डावखुरी. ग्लव्ह चढवायचा तो न फेकणाऱ्या हातात. म्हणून डावखुऱ्याला उजव्या हाताचा लागतो. तिच्या शाळेतल्या सामाईक ग्लव्हांत तसा एकही नव्हता. डाव्या हाताने झेल घ्यायचा, ग्लव्ह झटकून टाकायचा आणि त्याच हाताने चेंडू फेकायचा, अशी कसरत ती वर्षानुवर्षे करीत आली होती. तोवर धावणारी पुढचा तळ गाठून मोकळी!

आम्ही मेरठला गेलो. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी या गावात क्रीडासाहित्याचा धंदा रुजवला. दुकानदाराने पुढ्यात ढीग मांडला. रेक्झिनचा ग्लव्ह पहिल्याच दिवशी मऊ लागतो, म्हणून मोहात पाडतो. पण त्याचा खळगा लवकर ढिला पडतो. अस्सल जाड चामड्याचा ताठ, महाग आणि कित्येक आठवडे हाताशी भांडणारा. रविवारच्या खेळाडूने यांच्या मधला निवडावा: तळवा चामड्याचा, पाठ साधी. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत १२ इंचांच्या आसपास लांबी पुरे. वाद्या चामड्याच्या असाव्यात, म्हणजे तुटल्यावर बदलता येतात. आणि मुख्य म्हणजे तो घालून मूठ मिटून पाहावी. जो मिटत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी महागच.

त्या साऱ्या ढिगात उजव्या हाताचे निघाले अवघे दोन. एक परदेशी, आमच्या ऐपतीबाहेरचा. दुसरा तपकिरी, साधासुधा, थोडा धूळ खाल्लेला. पुतणीने तो चढवला, मूठ दोनदा उघडमीट केली आणि म्हणाली, "काका, डावा हात मोकळा राहिला!"

त्या वाक्याने मी अंतर्मुख झालो. आमच्या घरी प्रसाद घेताना, पानावर बसताना या मुलीचा डावा हात कितीदा तरी मागे सारला गेला होता. आमच्या भाषेचाही पक्ष ठरलेला. कूस उजवते, लेक उजवली जाते. नकोसे झालेले माणूस मात्र डावलले जाते. मानाच्या उजव्या हाताला झेलण्याचे कष्ट देऊन डाव्याला मोकळे सोडणारी वस्तू त्या घरात प्रथमच येत होती. निवड दोनांतूनच करावी लागली खरी. परंतु आजवर तिच्या वाट्याला दोन तरी कुठे आले होते?

नव्या ग्लव्हला हलकेच तेल लावतात, खळग्यात चेंडू ठेवून रात्री दोरीने बांधतात आणि रोज थोडे झेल घेतात. हळूहळू चामडे हाताचे वळण घेते. डावखुऱ्या मुलांच्या बाबतीत आपण आजवर याच्या उलट करीत आलो. वस्तू तशीच ठेवली आणि वळण हाताला लावले. माफक किमतीच्या त्या ग्लव्हला एवढे तरी समजते की, बदलायचे ते आपण; हाताने नव्हे.