‘कॅबोटाज’ : किनारा आणि अधिकार

पारिभाषिक संज्ञेचे भाषांतर करताना तिचा वाच्यार्थ बहुधा हाती लागतो. तिच्यामागचा सत्ताव्यवहार मात्र निसटतो. ‘कॅबोटाज’साठी मराठीत योजला जाणारा ‘किनारी वाहतूक’ हा पर्याय या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

मूळ फ्रेंच शब्दाची व्युत्पत्ती विवाद्य आहे. भूशिर या अर्थाच्या स्पॅनिश ‘काबो’शी तिचा संबंध सामान्यतः जोडला जातो. खोल समुद्रात न शिरता, एका भूशिरापासून दुसऱ्या भूशिरापर्यंत किनारा धरून जाणे, ही कल्पना त्यातून सूचित होते. राष्ट्रराज्यांच्या व्यवहारात मात्र गलबत कसे जाते यापेक्षा ते कोणाचे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. एकाच देशाच्या दोन बंदरांमधील वाहतूक आणि ती स्वदेशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचा त्या देशाचा अधिकार, असे दोन्ही अर्थ या संज्ञेत एकवटले. १९४४ च्या शिकागो कराराच्या सातव्या कलमात तीच संज्ञा विमानवाहतुकीसाठी आली. तेथे किनारा उरला नाही, अधिकार तेवढा उरला.

मराठी पर्यायात नेमके याच्या उलट घडते : किनारा उरतो आणि अधिकार गळतो. मुंबई–पणजी हा जलमार्ग घ्यावा. भूगोलाच्या दृष्टीने ती नेहमीच किनारी वाहतूक होती. परंतु डिसेंबर १९६१ पर्यंत ती दोन राज्यसत्तांमधील वाहतूक असल्याने तिला ‘कॅबोटाज’ म्हणता आले नसते. मुंबई–कराची मार्गाचे ऑगस्ट १९४७ मध्ये उलट दिशेने असेच स्थित्यंतर झाले. समुद्र तोच, किनारा तोच. बदलली ती सीमा. ‘किनारी वाहतूक’ हा शब्द हा बदल नोंदवूच शकत नाही.

याचा अर्थ मराठीला ही जाणीव परकी आहे, असा नव्हे. गलबत, मचवा, पडाव, तांडेल या शब्दांबरोबरच आंग्र्यांच्या आरमारी सत्तेचे ‘दस्तक’ही तिच्या स्मरणात आहे. दस्तक ही संचाराची परवानगी होती, कॅबोटाज ही व्यापाराची राखण आहे. हा भेद मान्य करूनही, समुद्रावर कोणाचा हुकूम चालतो हा प्रश्न मराठीने पूर्वी विचारला होता, हे विसरता येत नाही. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले, तेव्हा वाद वाहतुकीच्या सोयीचा नव्हता, स्वामित्वाचा होता. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने परकी जहाजांवर परवान्याचे बंधन घातले. २०२५ च्या किनारी नौवहन कायद्यातही ते तत्त्व टिकून आहे.

मे २०१८ मध्ये निर्यात-आयातीच्या कंटेनरांपुरते हे बंधन सैल करण्यात आले. या निर्णयाचे वर्णन ‘किनारी वाहतुकीला चालना’ असे केले, तर वाचकाला काय वाढणार ते कळते. कोणाची राखण सैल झाली ते कळत नाही. निर्णय इष्ट की अनिष्ट, हा वाद स्वतंत्र आहे. पण ज्या शब्दात वादविषयच उरलेला नाही, त्या शब्दाने वाद घालता येत नाही. ‘राखीव किनारी व्यापार’ ही संज्ञा काहीशी अवजड आहे खरी. तथापि राखीव कोणासाठी, हा प्रश्न ती वाचकासमोर उभा ठेवते.