नावापुरती सरदारकी

मुंबईच्या हार्बर मार्गावर 'रे रोड' नावाचे स्टेशन आहे. पुण्याच्या मंडईलाही, महात्मा फुल्यांचे नाव लाभण्यापूर्वी, 'रे मार्केट' म्हणत. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे हे नाव. मूळचे ते स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील एका खेड्याचे. म्हणजे हे गृहस्थ आपल्याकडील 'कर' मंडळींचेच भाईबंद म्हणावयाचे!

मॅके कुळाला ही सरदारकी १६२८ साली मिळाली. पुढे घराण्याची एक शाखा लष्करी चाकरीच्या निमित्ताने हॉलंडात गेली आणि तेथेच रुजली. इकडे थोरल्या पातीने १८२९ साली वडिलोपार्जित जमीन सदरलंडच्या धनाढ्य घराण्यास विकून टाकली आणि १८७५ साली ती पाती निर्वंश झाली. सरदारकी डच शाखेकडे वळली, आणि वर्षभरातच, १८७६ साली, हेग येथे जन्मलेले डोनाल्ड मॅके अकरावे लॉर्ड रे झाले. हाती आले ते केवळ नाव! हॉलंडात त्यांना मानमरातब काही थोडा नव्हता. त्यांचे चुलतभाऊ १८८८ साली त्या देशाचे पंतप्रधान झाले. तरीही डोनाल्ड यांनी १८७७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व पत्करले. पुढे १९०२ साली ते ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले. १९२१ साली ते निपुत्रिक वारले, तेव्हा सरदारकी पुनश्च हॉलंडास, त्या चुलतभावाच्या मुलाकडे गेली.

हा वंशवृक्ष मी अलीकडे वारंवार न्याहाळतो, त्यास कारण आहे. माझ्या आडनावात ज्या गावाचे नाव आहे, तेथे माझी तसूभरही जमीन उरलेली नाही. मुलगा परदेशी स्थायिक झाला आहे. त्याची लेकरे आडनावाचा उच्चार अशा काही थाटात करतात की, ग्रामदेवतेलाही ते ओळखू येऊ नये! प्रथम मला याचा विषाद वाटे. परंतु डोनाल्ड मॅके यांच्याकडे पाहिले म्हणजे मन थोडे निवळते. वारसा रक्ताबरोबर येतो खरा, पण तो पत्करावयाचा की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते. आणि कधी कधी ते ठरविणारा दोनशे वर्षांनी, परक्या मुलखात जन्मतो. तोवर नाव तेवढे शाबूत ठेवावे, इतकेच आपल्या हाती.