दाण्याच्या कुटाशिवाय घर

दाण्याचा कूट संपला की सासूबाईंना घरात काहीतरी उणं वाटतं. वाशीमसारख्या गावात वाढलेल्या कुणालाही वाटेलच म्हणा! वांग्याची भाजी, ठेचा, कोशिंबीर, उपासाची उसळ... कूट नाही असं काय असतं आपल्याकडे?

लेक अडीच वर्षांची असताना आषाढी एकादशीला तिनं दोन चमचे साबुदाण्याची उसळ खाल्ली. पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं आणि एक वाक्य - "ॲलर्जी असू शकते."

त्या 'असू शकते'नं आमचा पुढचा महिना खाल्ला. कुणी म्हणालं दूध बंद करा, कुणी वांगं, कुणी अंडं. आमच्या शेतात सोयाबीन, तर कुणी त्यावरही बोट ठेवलं. मी घाबरून सगळंच बंद केलं. पोरगी वाळत चालली.

शेवटी अकोल्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी वहीच करायला सांगितली : काय खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं. वहीत मागचं आठवून लिहिताना लक्षात आलं की संक्रांतीच्या तिळगुळानंतरही तोंडाभोवती पुरळ आलं होतं. त्या लाडवात दाणे होते. तीळ मात्र ती नंतरही निवांत खात होती. त्वचेवरची चाचणीही दाण्याकडेच बोट दाखवत होती. पण डॉक्टर म्हणाले, नुसत्या चाचणीवर शिक्का मारायचा नाही, पुष्कळांची चाचणी पॉझिटिव्ह येते आणि खाल्लं तर काही होत नाही. खात्री करायची ती दवाखान्यात, देखरेखीखाली थोडं थोडं खाऊ घालून. घरी प्रयोग अजिबात नाही! तोवर फक्त दाणे बंद, बाकी सगळं सुरू. आणि श्वास लागला तर गोळ्या देत बसायचं नाही, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मिळेल तिथे धावायचं.

घरचं जमलं. मिक्सरचं भांडं वेगळं केलं, कुटाऐवजी खोबरं आलं.

बाहेरचं अवघड. पाकिटावर निदान वाचता येतं, २०२० च्या नियमांनी शेंगदाणा, दूध, सोयाबीन वगैरे असेल तर तसं छापावं लागतं. पण आठवडी बाजारातल्या सुट्या चिवड्याला कुठलं लेबल? अंगणवाडीत ताईंना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी ती भिंतीवरच लावली. लग्नात मात्र प्रत्येक वेळी तेच : "एका दाण्यानं काय होते वं?" नाही म्हणताना मीच अपराधी. माणसं प्रेमानंच भरवतात, म्हणून तर तोडून बोलता येत नाही.

सासूबाईही आधी म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हतं हे असं काही." मी वाद घातला नाही, पण मनात ते साचत होतं.

परवा मंगरुळपीरला एका लग्नात पंगतीत कुणीतरी लेकीच्या पानात चटणी वाढायला वाकलं. माझ्या आधी सासूबाईंचा हात पानावर आडवा. "लेकराले दाने चालत नाहीत. नका देऊ."

आता त्या शेंगा फोडायला शेजारच्या ओट्यावर जातात आणि हात धुऊनच घरात येतात. मी कधी सांगितलं नव्हतं हो.

दिवाळीनंतर दवाखान्यात ती खात्रीची तपासणी आहे. बघू. निघाली नाही ॲलर्जी, तर पहिला दाण्याचा लाडू आजीच्याच हातचा.