एका स्टेशनपाशी एक तास

बस गेटावर आली की मुलांच्या हाती आधी गॉगल आणि सेफ्टी शूज पडतात. चाकणच्या एका मोटार कारखान्यात मी क्वालिटीत आहे. बावीस वर्षांत पॉलिटेक्निकचे, इंजिनीअरिंगचे कितीतरी गट शॉपमधून फिरवले. प्रेस शॉप, बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली हा क्रम ठरलेला, आणि वेळ दोन तास. बाहेर पडताना बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द असतो : रोबो.

रोबो बघण्यासारखे आहेतच. एका गाडीच्या सांगाड्याला हजारो स्पॉट वेल्ड लागतात आणि त्यातले बहुतेक तेच मारतात. पण आतले पत्रे वितळून खरोखर एकजीव झाले का, हे वरून कळत नाही. म्हणून ठरावीक काळाने आमची माणसं छिन्नी-हातोडा घेऊन एक अख्खी बॉडी उसकटतात. चांगल्या वेल्डची खूण अशी, की पत्रा फाटतो पण सांधा सुटत नाही.

पेंट शॉपच्या दाराशी मी मुलांना विचारतो, ‘केसांना जेल, अंगाला डिओडरंट लावलंय का?’ अशा काही वस्तूंत सिलिकॉन असतं. त्याचा बारीकसा कण ओल्या रंगावर पडला, तरी रंग तिथून मागे सरतो आणि खळी पडते. आम्ही तिला क्रेटर म्हणतो. रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. एवढ्याशा जाडीत लपवायला जागाच नसते.

काही वर्षांपूर्वी डिप्लोमाची एक मुलगी गटातून मागे राहिली. बॉडी शॉपच्या शेवटी, ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात, आमचे एक जुने कारागीर सुती हातमोजे घालून बॉनेटवरून तळवा फिरवत होते. तिने विचारलं, ‘काका, काय दिसतंय?’ ते म्हणाले, ‘दिसत नाही बाळ, हाताला लागतं.’ त्यांनी तिला हातमोजे दिले. पहिल्या दोन बॉनेटवर तिला काहीच कळलं नाही. तिसऱ्यावर तिचा हात थबकला. काकांनी तिथे ऑइल स्टोन घासला : भोवतीचा पत्रा चमकला, मधला ठिपका काळपट राहिला. तेवढाच खोलगट होता. पुढची असेंब्ली तिची बघायची राहून गेली, पण त्या दिवशी सगळ्यांत जास्त शिकली ती तीच.

तेव्हापासून मी भेटीचा क्रम बदलला. फेरी अर्ध्या तासात आटपतो. मग मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला असेंब्लीच्या एकेका स्टेशनपाशी, पिवळ्या पट्टीच्या बाहेर, तासभर उभं करतो. हातात वही. आधी गणित : ४५० मिनिटांच्या शिफ्टमध्ये ३०० गाड्या काढायच्या, तर एका गाडीला किती वेळ? दीड मिनिट. याला टॅक्ट टाइम म्हणतात. आता बघा : त्या दीड मिनिटात माणूस किती पावलं चालतो, किती वेळा वाकतो, चूक झाली तर काय करतो.

ही युक्ती माझी नाही. टोयोटाचे ताइइची ओनो शॉपच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनीअरला त्यात उभं करत आणि बघायला लावत, असं आमच्या क्षेत्रात सांगतात.

एका जोडीने वहीत लिहिलं होतं, ‘बोल्टसाठी दर गाडीला चार पावलं मागे जातात.’ चार गुणिले तीनशे, म्हणजे एका शिफ्टला बाराशे पावलं. आम्ही बोल्टची पेटी हाताशी आणली. दुसऱ्या जोडीने टिपलं, की सीट बेल्टचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला बसल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही आणि गाडी पुढे सरकत नाही. पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, हिची व्याख्या वर्गात पाठ केलेली होती. तिचा अर्थ त्यांना इथे कळला.

शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. चाकण, पिंपरी, रांजणगाव, वाळूज, नाशिक; आपल्या मुलांच्या हाकेच्या अंतरावर कारखाने आहेत. भेटीची परवानगी मागताना पत्रात एक ओळ वाढवा : ‘विद्यार्थ्यांना एका स्टेशनपाशी एक तास उभं राहू द्यावं.’ आणि त्या तासभर तुम्हीही त्यांच्या शेजारी उभे राहा.