गुंता सोडवताना

“केस कापूनच टाक गं एकदाचे,” एका रविवारी न्हाणे झाल्यावर आई म्हणाली आणि माझ्या हातातली फणी तिथेच थांबली. आईचे वय ८२. उजवा खांदा आखडल्यापासून तिचा हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तिला न्हाऊ घालणे आणि तिची वेणी घालणे ही दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत. गेले काही महिने ती न्हाण्याचा दिवस पुढे ढकलीत होती. कधी गारठा, कधी एकादशी, तर कधी नुसतेच “आज नको.” मी तो म्हातारपणाचा हट्ट समजत होते. खरे कारण माझ्या हातातच होते. गुंत्यातून मी फणी ओढीत होते आणि आई दात आवळून बसत होती.

वाचकहो, केस कापण्यात वावगे काहीच नाही. आखूड केस अनेक वृद्धांना सोयीचे वाटतात. परंतु तो निर्णय आवडीचा किंवा सोयीचा असावा, वेदनेच्या भीतीपोटी घेतलेला नसावा, असे मला त्या दिवशी वाटले.

उतारवयात केस असे का वागतात? टाळूतील तैलग्रंथींचे काम मंदावते, केस विरळ होतात आणि उरलेले कोरडे व राठ भासतात. शिवाय केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब केसाचे टोक पाच वर्षांचे जुने असते! एवढ्या काळात ऊन, पाणी आणि फणी यांनी त्यावरील सूक्ष्म खवले झिजतात, उचलले जातात आणि एकमेकांत अडकतात. गुंता होतो तो असा. शाम्पूने मळ जातो, पण त्याबरोबर उरलेसुरले तेलही जाते. धुतलेल्या केसावर ऋणभार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य घटकांवर धनभार. म्हणून ते केसाला, विशेषतः झिजलेल्या भागाला, चिकटून राहतात आणि केस एकमेकांवरून सहज घसरू लागतात. कंडिशनर केस वाढवीत नाही, गळती थांबवीत नाही, केस काळेही करीत नाही. त्याचे काम फक्त घर्षण कमी करणे. आईला हवे होते ते नेमके तेवढेच.

मी प्रथम चूकच केली. दुकानातील सर्वांत दाट कंडिशनर आणले आणि तेल थापावे तसे टाळूला चोळले. विरळ केस चपटे होऊन डोक्याला चिकटले, टाळूला खाज सुटली, आणि न्हाणीघराची फरशी इतकी निसरडी झाली की आईचा पाय घसरता घसरता वाचला. तेव्हा कळले, की महागडी बाटली आणण्यापेक्षा केसांची जात ओळखणे महत्त्वाचे.

आपल्या घरातील ज्येष्ठांचे केस कसे आहेत ते निरखून पाहा. केस पातळ आणि विरळ असतील, तर पातळसर, हलके कंडिशनर घ्यावे. चमचाभर पुरते आणि ते टोकांनाच लावावे. राठ, पांढरे, लांब केस असतील किंवा ते कलप लावून कोरडे पडले असतील, तर थोडे दाट चालेल. मात्र तेही केसांच्या निम्म्या लांबीपासून खाली. कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत पोहोचतच नाही. त्यांना सढळ हाताने लावावे आणि ते केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. टाळू तेलकट असेल, तर मुळांपासून दूरच राहावे. वेष्टनावर ‘सिटाइल अल्कोहोल’ असे वाचून दचकू नये. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, केस कोरडे करीत नाही. आपल्या आजीच्या काळातील जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस हेच काम करीत असे. ज्यांना तो रुचतो, त्यांनी तो खुशाल वापरावा.

आता पद्धत. शाम्पू धुतल्यावर केसांतील पाणी हलकेच निपटावे, कंडिशनर तळहातावर पसरून टोकांकडून वर लावावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि केस नीट धुवावेत. ओला केस ताणला की सहज तुटतो. म्हणून मुठीत केस धरून आधी टोकांचा गुंता सोडवावा, मग वर सरकावे. मूठ धरल्याने ओढ टाळूपर्यंत जात नाही.

सुरक्षिततेचे भान सर्वांत आधी ठेवावे. ज्येष्ठांना स्टुलावर बसवूनच न्हाऊ घालावे आणि कंडिशनर लावण्यापासून फरशी स्वच्छ धुऊन होईपर्यंत त्यांना उठू देऊ नये. मान फार मागे झुकवू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी न धुता ठेवण्याचे, फवाऱ्याचे कंडिशनर मिळते. ते थेट चेहऱ्याजवळ न फवारता आपल्या हातावर घेऊन लावावे. नवे कंडिशनर आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून, धुऊन, एक-दोन दिवस पाहावे. केस अचानक झुबक्यांनी गळू लागले किंवा टाळूवर चट्टे, जखमा दिसल्या, तर बाटली न बदलता डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा विकार किंवा लोहाची कमतरता हेही त्यामागचे कारण असू शकते.

आमच्याकडे आता मध्यम दाट कंडिशनर आहे आणि रुंद दातांचा लाकडी कंगवा. गेल्या रविवारी गुंता सोडवून होईपर्यंत आई माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होती. वेणीला शेवटची गाठ मारली तेव्हा ती म्हणाली, “झालं पण?” केस कापायचे का, असे मी मुद्दाम विचारले. “बघू उन्हाळ्यात,” ती म्हणाली आणि वेणी पुढे घेऊन तिचे टोक बोटांनी चाचपू लागली.