टेप घरी बसवायचा की नाना पेठेत?

घरात गाडी आली की दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि टेप बसवायचा. लिंबाबद्दल कुणाचं काही म्हणणं नसायचं. टेपवरून मात्र सरळ दोन तट पडायचे. बाबा, धाकटे काका आणि आम्ही भावंडं म्हणायचो, घरीच बसवू. चार वायरी तर जोडायच्या आहेत. आई आणि आजोबा म्हणायचे, नाना पेठेत न्या, जाणत्या माणसाला दोन पैसे द्या आणि निर्धास्त व्हा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुण्यात वाढलेल्या किती तरी घरांत हे बोलणं झालं असेल. आम्ही भावंडं जमलो की अजूनही गप्पा तिथं येतात. आता आम्हीच त्या वेळच्या बाबांच्या वयाचे झालोय, त्यामुळे दोन्ही बाजू कळतात.

गाड्याच तेव्हा मुक्या यायच्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी घ्या, जिला शेवटपर्यंत सगळे फियाटच म्हणाले, नाहीतर डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० घ्या. साध्या मॉडेलमध्ये गाण्याची सोय आपली आपण करायची. आमच्या फियाटमध्ये टेप डॅशबोर्डच्या खाली पट्ट्यांवर टांगलेला होता आणि पुढं बसणाऱ्याचा गुडघा त्यावर हमखास आपटायचा. पुढे डॅशबोर्डमध्येच टेपचा चौकोन आयता मिळू लागला. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. हे माप जर्मन मानकातून आलं आणि जगभर रूढ झालं, म्हणून पायोनियर, केनवुड, सोनी, कुठलाही डेक आणला तरी त्यात बसायचा. टेप चोरीला जाण्याची धास्ती सगळ्यांनाच असायची. त्यासाठी कडी धरून अख्खा बाहेर ओढता येणारे डेक निघाले. काका तो डेक हातात घेऊन लग्नाच्या कार्यालयातही यायचे आणि पंगतीत मांडीशी ठेवून जेवायचे.

सामानाची खरेदी हा मोठा आनंद होता. डेक आणि स्पीकर नाना पेठेत, कारण गाडीचं जे काही लागेल ते तिथं मिळायचं. वायर, सोल्डर, फ्यूजच्या डब्या बुधवारातल्या तपकीर गल्लीत. मुंबईच्या आत्याकडे गेलो की लॅमिंग्टन रोड. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅटचे आकडे वाचून आम्ही हरखून जायचो. काकांनी मात्र आम्हाला समोर बसवून हिशेब शिकवला होता. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात आणि स्पीकर ४ ओहमचा. वेगळा अँप्लिफायर नसेल तर एका स्पीकरला सलग २५ वॅटच्या वर ताकद मिळायला वावच नाही. शाळेतला ओहमचा नियम असा दुकानात कामाला आलेला पाहिला आणि तो आमच्या डोक्यात कायमचा बसला.

खरं काम स्पीकरचं. रविवारी सकाळी गाडी सावलीत लागायची आणि दाराचं अस्तर काढायला सुरुवात व्हायची. त्याआधी काच खालीवर करायचा दांडा निघायला हवा. मारुतीत तो मागच्या बाजूनं एका तारेच्या क्लिपनं धरलेला असतो आणि ती क्लिप बाहेरून दिसत नाही. काका जुना रुमाल दांड्याच्या मागे सारायचे, दोन्ही टोकं धरायचे आणि बूट पुसावा तसा सरसर मागेपुढे ओढायचे. क्लिप कापडात अडकून टणकन उडायची. ती अंगणातून शोधून आणणं ही आम्हा पोरांची जबाबदारी. अस्तराच्या मागे पॉलिथिनचा कागद चिकटवलेला असतो. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. हा कागद त्याला माणसांच्या बाजूला येऊ देत नाही. घाईच्या माणसाच्या हातून तो फाटतो आणि जूनमध्ये स्पीकर भिजतो. काका तो इतक्या हळुवार सोडवायचे की परत लावल्यावर कळायचंसुद्धा नाही. मग काच पूर्ण खाली घेऊन ती स्पीकरच्या चुंबकाला टेकते का ते पाहायचं, आणि त्यानंतरच पत्र्याला भोक.

यानंतर यायचा पेन्सिल सेल. स्पीकरच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की आतला कागदी शंकू हलतो. बाहेर आला तर सेलचं अधिक ज्या टोकाला लावलंय ते टोक अधिक. आत गेला तर उलट. एका बाजूचा स्पीकर सुलट आणि दुसरा उलट जोडला गेला, तर एकाचा शंकू बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, दोन्हींनी हलवलेली हवा एकमेकांना मारते आणि तबल्यातला बायाच गायब होतो. आवाज मोठा करून उपयोग नसतो. त्या सेलवर शंकू हलताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाणं म्हणजे हवेचं हलणं हे मला कळलं. पुस्तकातून ते कधीच इतकं स्पष्ट झालं नव्हतं.

सगळं जोडून झालं की परीक्षा. प्रत्येकाची कॅसेट वेगळी आणि कसोटीही वेगळी. आजोबांना अलूरकरांनी काढलेलं पु. लं.चं कथाकथन लागायचं. शब्दन् शब्द मागच्या सीटवर कळला पाहिजे. आई भीमसेनांची कॅसेट लावून आवाज अगदी बारीक करायची आणि तानपुरा ऐकू येतो का ते पाहायची. आमच्या घरच्या फिटिंगचं दुखणं त्या तानपुऱ्यानंच उघडं पाडलं. इंजिन चालू केलं की तानपुऱ्याच्या खालून एक बारीक शिट्टी यायची, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची. मोठ्या आवाजात झाकली जायची, पण आईला ती सहन होत नव्हती. बाबांनी स्पीकरच्या सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या, सोल्डर नवं केलं. शिट्टी तशीच राहिली.

अखेर गाडी नाना पेठेत गेली. तिथल्या वायरमनला सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी टेपला हातही लावला नाही. आधी गाडी चालू करून नुसतं ऐकलं. मग खिशातून टेस्ट लॅम्प काढला: एक छोटा बल्ब, त्याच्या एका वायरीला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. चिमटा पत्र्याला लावून त्यांनी एकेक वायर तपासली. पिवळी, म्हणजे किल्ली काढली तरी चालू राहणारी. लाल, किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी. मग काळी. काळ्या वायरीच्या शेवटापर्यंत ते हातानं चाचपत गेले आणि थांबले. ती डॅशबोर्डखालच्या एका रंगवलेल्या स्क्रूला बांधलेली होती. “साहेब, रंगावर अर्थ चालत नाही, पत्रा लागतो,” एवढंच म्हणाले. पॉलिश पेपरनं रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वायरीला गोल टर्मिनल दाबून बसवलं, स्क्रू आवळला. बॅटरीकडून येणारी वायर एका बाजूनं नेली, स्पीकरच्या वायरी दुसऱ्या बाजूला घेतल्या. शिट्टी गेली. बाबांनी त्यांच्याकडून सगळं समजून घेतलं. चाचांनीही काही हातचं राखलं नाही.

नाना पेठेत सगळेच चाचांसारखे होते असं नाही. ओळखीतल्या एकाची गाडी एका दुकानात टेप बसवून आली तेव्हा कंपनीचा कपलर कापून टाकलेला होता आणि वायरी नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चिकटपट्टीचा गोंद मे महिन्यात पातळ होतो, पट्टी सुटते आणि उघडी तार पत्र्याला घासू लागते. त्यातून फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणी तरी तिथं सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. हे मी अक्षम्य समजतो. फ्यूज गाडीतल्या माणसांसाठी असतो. तो उडतो म्हणजे तो सांगत असतो की वायर तापते आहे. ती गाडी घाटात धुरानं भरली. दारं वेळेत उघडली म्हणून माणसं बचावली.

आईचं म्हणणं मला आज जास्त पटतं ते यामुळे. ती म्हणायची, स्पीकर उलटा लागला तर गाणं बिघडेल, बॅटरीची वायर चुकली तर गाडी जाईल. आमच्या घरात पुढं तशीच वाटणी झाली. जाळ्या, स्पीकर, दाराचं अस्तर घरी. बॅटरीपासून येणारी वायर चाचांकडे. रविवारही राहिला आणि आईला झोपही लागली.

आता आमच्या मुलांच्या गाड्या स्क्रीन घेऊनच येतात. जुन्या गाडीत नवा स्क्रीन बसवायचा असेल तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतात. एकही वायर न कापता काम होतं. एका अर्थानं घरी काम करणं आमच्या बाबांपेक्षा आज सोपं आहे. पण १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची आहे. डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा समजावा आणि त्याला टेस्ट लॅम्प लावू नये. त्या बल्बमधून जाणारा करंटसुद्धा एअरबॅग फोडू शकतो. स्टिअरिंगवरची बटणंही आता गाडीच्या संगणकाशी बोलतात, तिथं अंदाजानं वायर जोडून चालत नाही. हे काम शिकलेल्या माणसाचंच आहे.

तुमच्या घरात कुणाला हौस असेल तर दाराचे स्पीकर जरूर घरी बदला, मुलांना जवळ बसवा, सेल लावून शंकू हलताना दाखवा. मोठा अँप्लिफायर आणि बॅटरीची वायर मात्र चांगल्या वायरमनकडे सोपवा. त्याला आधीच सांगा की कंपनीची वायर कापायची नाही. आणि गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून विचारा, बॅटरीजवळचा फ्यूज कुठे आहे. त्यानं तो बोट ठेवून दाखवला नाही, तर तो बसवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.