भिंतीवरची पाण्याची रेघ

सुरतेत राहणारा खानदेशी माणूस श्रावणात भुसावळला फोन लावतो तेव्हा आधी पाऊस विचारतो, मग तब्येत. मुलताईला उगम पावलेली तापी खानदेश ओलांडून उकाई धरणात शिरते आणि तिथून आमच्याकडे येते. मामाच्या गावची सर ही आमच्या दाराशी येणाऱ्या पाण्याची वर्दीच. सामान्य माणसांचे विज्ञान म्हणतात ते हेच. फक्त त्याची वही कोणी ठेवत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटले आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. आमच्या शाळेच्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ राहिली होती. पुढे रंगरंगोटीचे अनुदान आले आणि रंगाऱ्याने ती झाकून टाकली. रंगाला पैसा होता, रेघेला नव्हता. त्या पुरानंतर गावाकडून आलेली कितीतरी कुटुंबे आज तळमजल्याच्या खोल्या भाड्याने घेतात. तिथे पाणी कुठवर चढले होते हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून आठवी-नववीच्या मुलांना मोजपट्ट्या देऊन वस्तीत धाडले. शेजारच्या गुजराती माध्यमाची मुलेही आली. म्हाताऱ्या बायका कोणी ‘कंबरेइतके’ म्हणत, कोणी ‘केड सुधी’. मुलांनी त्याच आजीला उंबऱ्यापाशी उभे करून पट्टी लावली. (वयाने आजी थोडी वाकलेली असते, ही शंका एका मुलीचीच. तेव्हापासून आजीचे वयही लिहू लागलो.)

नोंदी संगणकावर चढवायला लिबर ऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळाले. ते शिकवणारे धडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे, केंद्र सरकारच्या पैशातून झालेले, मराठीत आणि गुजरातीतही. एकाच पडद्यापुढे बसून दोन्हीकडची मुले आपापल्या भाषेत तेच शिकली. सरकारी पैशाचा इतका सरळ उपयोग मी नोकरीत फारसा पाहिलेला नाही.

अडले ते पुढेच. मोजपट्ट्या, झेरॉक्स, बिघडलेल्या संगणकाची दुरुस्ती, असा किरकोळ पण दरसालचा खर्च मी एका कार्यालयात मागायला गेलो. कारकून भला माणूस होता. त्याने विचारले, “साहेब, डेडस्टॉकला काय दाखवायचे?” कपाट घेतले तर कपाट दाखवता येते. आजीच्या कंबरेची उंची कुठल्या रकान्यात घालायची? जर्मनीने २०२२ साली ‘सॉव्हरिन टेक फंड’ काढून मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीला सरकारी पैसा दिला. नवे काही उभारायला नव्हे, असलेले चालू ठेवायला! त्यांच्याकडे डेडस्टॉक रजिस्टर नसावे.

यंदा खर्च पालकांनी वर्गणी काढून भागवला. मला ते पटलेले नाही. आधीच फी भरताना त्यांची ओढाताण होते, आणि ही माहिती काही त्यांच्या एकट्याच्या उपयोगाची नाही. पालकसभेत लूमवर काम करणाऱ्या एका बापाने विचारले, “सर, आमच्या गल्लीचे माप वर कळवले का?”

म्हटले, “कळवले आहे. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे.”